पाय सरळ करणारी प्लेट: घालताना, सांभाळताना आणि काढताना

अबोली

नमस्कार. मागच्या वर्षी माझ्या डाव्या पायाच्या नडगीचं हाड गुडघ्याच्या जरा खाली कापून पाय सरळ केला. ऑपरेशनचं नाव हाय टिबिअल ऑस्टिओटॉमी, सगळे एचटीओ म्हणतात. आतल्या बाजूने ९ मिलिमीटरची फट उघडली आणि ती टायटॅनियमच्या प्लेटने व आठ स्क्रूंनी धरून ठेवली. आज १४ महिने झाले. आता प्लेट काढायची की राहू द्यायची, हे ठरवायचं आहे. त्यासाठी माहिती शोधते तेव्हा सगळीकडे सांधा बदलण्याबद्दलच लिहिलेलं सापडतं. म्हणून हा धागा.

आधी माझं थोडक्यात. वय ४७. लहानपणापासून पाय किंचित धनुष्यासारखे, पण त्रास काहीच नव्हता. पंचेचाळिशीत डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं, जिना उतरताना जास्त. गुडघ्याचे एक्स-रे दोनदा काढले, दोन्हींत "थोडी झीज आहे" एवढंच. तिसऱ्या डॉक्टरांनी खुब्यापासून घोट्यापर्यंतचा उभ्याचा एक्स-रे काढायला लावला. खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत त्यांनी पट्टीने रेघ ओढली. ती गुडघ्याच्या मध्याजवळून जायला हवी. माझी पार आतल्या कडेला गेली होती. म्हणजे शरीराचा जवळजवळ सगळा भार गुडघ्याच्या आतल्या अर्ध्या भागावर पडत होता, आणि बाहेरचा अर्धा भाग अगदी चांगला होता. त्या रेघेने मला जेवढं समजलं तेवढं आधीच्या दोन वर्षांत समजलं नव्हतं.

एक गोष्ट मला ऑपरेशननंतर कळली, ती आधी कळायला हवी होती. प्लेट पाय सरळ करत नाही. पाय सरळ होतो तो कापण्याने, आणि किती अंश उघडायचं या हिशेबाने. नवं हाड भरून येईपर्यंत तो हिशेब हलू न देणं, एवढंच प्लेटचं काम. हे माहीत नसल्यामुळे मी पहिले तीन महिने "प्लेट मजबूत आहे ना?" असं विचारत राहिले. विचारायला हवं होतं, "हाड कुठवर भरलंय?"

पहिल्या सहा आठवड्यांबद्दल कुणाला विचारायचं असेल तर जरूर विचारा. एक युक्ती मात्र आत्ताच सांगते. "पायावर वीस किलोच भार द्या" असं सांगतात, पण वीस किलो म्हणजे किती हे पायाला कसं कळणार? मला फिजिओथेरपिस्टने घरच्या वजनकाट्यावर तो पाय ठेवून, कुबड्यांवर झुकून काटा वीसवर आणायला शिकवलं. दिवसातून तीन-चार वेळा केलं की पायाला अंदाज येतो.

मोरपीस

धागा काढल्याबद्दल आभार. माझ्या वडिलांना "रॉड टाकलाय" असं आम्ही सगळे म्हणतो, पण एक्स-रेत तर हाडाच्या बाजूने पट्टी दिसते. रॉड आणि प्लेट एकच का? आणि एमआरआय करता येतो का?

अस्थिमज्जा

मोरपीस, बोलताना सगळ्यालाच रॉड म्हणतात, पण दोन्ही वेगळे. रॉड, म्हणजे नेल, हाडाच्या आतल्या पोकळीत लांबीने जातो. प्लेट हाडाच्या बाहेरून बसते आणि आडव्या स्क्रूंनी हाडात पक्की होते. कागदपत्रांत नेमकं काय लिहिलंय ते पाहून ठेवा, पुढे काढायची वेळ आली तर त्यावर सगळं अवलंबून असतं. एमआरआय सहसा करता येतो, कारण टायटॅनियम आणि इम्प्लांटसाठी वापरतात ते ३१६एल स्टील चुंबकाला ओढले जात नाहीत. धातूच्या आसपासचं चित्र मात्र बिघडतं, म्हणून आधी सांगायचंच आणि इम्प्लांटचं कार्ड बरोबर न्यायचं.

मी अस्थिरोग शाखेत शिकतो आहे. अबोलीताईंनी रेघेबद्दल लिहिलंय, त्यात थोडी भर घालतो.

निरोगी माणसातही गुडघ्याचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा जास्त भार घेतो, साधारण ६० ते ७० टक्के. रेघ आणखी आत सरकली की हा वाटा वाढत जातो. गुडघ्याची झीज असलेल्यांच्या एका मोठ्या पाहणीत असं दिसलं की पाय धनुष्याकृती असेल तर आतल्या भागातली झीज दीड वर्षात वाढण्याची शक्यता सुमारे चौपट होते. म्हणून नुसतं औषध घेत राहणं आणि मुळातला कल तसाच ठेवणं, याला मर्यादा आहेत.

आता रेघ कुठे न्यायची? जपानी शल्यविशारद फुजिसावा यांनी १९७९ साली आपल्या रुग्णांवरून एक बिंदू सुचवला. नडगीच्या वरच्या पृष्ठाची रुंदी आतून बाहेर मोजली तर आज तो साधारण ६२.५ टक्क्यांवर धरतात, म्हणजे मध्याच्या थोडा पलीकडे, चांगल्या बाजूला. अजूनही तो वापरतात, पण झीज कमी असेल तर बरेच जण मध्याच्या जवळच थांबतात. फार पलीकडे गेलं तर चांगली बाजू दुखावते आणि पायही वेगळा दिसायला लागतो.

दुसरी गोष्ट, वाक कुठल्या हाडात आहे हे मोजायलाच हवं. मांडीच्या हाडाचा खालचा कोन आणि नडगीच्या हाडाचा वरचा कोन, दोन्ही ८५ ते ९० अंशांच्या मध्ये असावेत. दोष मांडीच्या हाडात आणि कापली नडगी, तर रेघ कागदावर सरळ होते, पण सांध्याची पातळी तिरपी होते. माणूस मग उतारावर उभं राहिल्यासारखा आयुष्यभर चालतो.

आणि एक्स-रे काढताना गुडघ्याच्या वाट्या समोर असाव्या लागतात, पायाची बोटं नव्हेत. पाय थोडा जरी फिरला तरी मोजमाप चुकतं. तंत्रज्ञ घाईत असेल तर आपणच सांगावं.

केवडा

माझं उलटं आहे. वय २७, गुडघे एकमेकांना घासतात आणि घोटे लांब राहतात. दोन ठिकाणी वेगवेगळं सांगितलं, एकाने नडगी म्हटलं, दुसऱ्याने मांडीचं हाड. वरचं वाचून आता दोघांना कोन विचारीन. पण कापायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. पट्टे, बूट, व्यायाम यांनी काहीच होणार नाही का?

अस्थिमज्जा

केवडा, २७ व्या वर्षी हाडाची वाढ थांबलेली असते, त्यामुळे बाहेरून पट्टा लावून हाडाचा कोन बदलणार नाही. व्यायामाने मांडीचे स्नायू भक्कम होतात, दुखणं कमी होऊ शकतं, आणि तो करावाच. गुडघे आतल्या बाजूला झुकलेले असतात तेव्हा दोष बऱ्याचदा मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला असतो. तिथे कापून प्लेट बसवतात. पण "बऱ्याचदा" म्हणजे तुमच्या बाबतीत तसंच असं नाही. कोन मोजल्याशिवाय कुणालाच हो म्हणू नका. आणि दुखत नसेल, झीज नसेल, तर घाईही नाही.

चिऊची_आई

मुलांचं वेगळं असतं, म्हणून लिहिते. कुणा आईबापांना उपयोगी पडेल.

माझ्या मुलीचे गुडघे दहाव्या वर्षापर्यंत खूप आत वळले होते, पळताना एकमेकांवर आपटायचे. आधी मला सगळे सांगत होते की मुलांचे पाय आपोआप सरळ होतात. ते खरंच आहे, पण वयाच्या मर्यादेत. बाळ जन्मतं तेव्हा पाय धनुष्यासारखे असतात, दीड-दोन वर्षांत सरळ होतात, तिसऱ्या-चौथ्या वर्षी गुडघे आत झुकतात आणि सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांसारखे होतात. त्यानंतरही जास्त कल असेल, किंवा एकच पाय वाकडा असेल, तर दाखवायला हवं. आमचं त्यात दीड वर्ष वाट बघण्यात गेलं. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, फॉस्फरस यांची तपासणी आधी झाली, कारण मुडदूस असेल तर पहिला इलाज त्यावर.

तिचं हाड कापलंच नाही. गुडघ्याच्या वर, दोन्ही पायांत आतल्या बाजूला, एक-एक छोटी प्लेट बसवली. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, दोनच स्क्रूंची. एक स्क्रू वाढीच्या थराच्या वर, एक खाली. या थराला डॉक्टर "ग्रोथ प्लेट" म्हणतात, आणि मी पहिला आठवडाभर समजत होते की तीच धातूची आहे! ती मुलांच्या हाडाच्या टोकाशी असलेली कूर्चा असते, तिच्यातून हाड लांब होतं. धातूची प्लेट आतल्या बाजूची वाढ रोखून धरते, बाहेरची बाजू वाढत राहते, आणि पाय महिन्यामहिन्याने आपणच सरळ होत जातो.

मुलीला तिचा एक्स-रे बघायला फार आवडायचं. सुरुवातीला दोन्ही स्क्रू एकमेकांना समांतर होते. दर तीन महिन्यांनी त्यांची टोकं थोडी थोडी फाकत गेली, कात्री उघडावी तशी. "आई, मी वाढतेय ते दिसतंय," असं ती म्हणायची. अकरा महिन्यांत पाय सरळ झाले आणि प्लेटा काढल्या. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी ती उभी होती, तीन आठवड्यांत शाळेत.

पण यात तारखा पाळाव्याच लागतात. एक भेट चुकली आणि प्लेट जास्त राहिली तर पाय दुसऱ्या बाजूला वाकू शकतो. काढल्यानंतरही काही मुलांत कल थोडा परत येतो, म्हणून वाढ संपेपर्यंत दाखवत राहायचं आहे. आणि वाढ शिल्लक असतानाच हे करता येतं. मुलींची वाढ साधारण चौदाव्या, मुलांची सोळाव्या वर्षाच्या सुमारास संपत येते. त्यानंतर वर अबोलीताईंनी सांगितलेलाच मार्ग उरतो.

अस्थिमज्जा

चिऊची आई, फार नीट लिहिलंत. ही दोन स्क्रूंची पद्धत अमेरिकेतले पीटर स्टीव्हन्स यांनी २००७ मध्ये मांडली. त्याआधी वॉल्टर ब्लाउंट यांनी १९४९ मध्ये त्याच कामासाठी धातूचे स्टेपल वापरले होते. स्टेपल कडक, ते सुटून यायचे किंवा तुटायचे. प्लेटमध्ये स्क्रू आपल्या भोकात थोडा फिरू शकतो, म्हणून तुमच्या मुलीला ती कात्री दिसली. वजन जास्त असलेल्या मुलांत नडगीच्या बाजूचा स्क्रू तुटल्याच्या घटना आहेत, तिथे जास्त भक्कम स्क्रू निवडतात.

धातुकाम

मी धातुशास्त्राचा माणूस, डॉक्टर नाही. पण "प्लेट मजबूत आहे ना" या प्रश्नाचं माझ्या बाजूने उत्तर देतो, कारण त्यात एक मोठा गैरसमज आहे.

आपल्याला वाटतं की धातू हाडापेक्षा बळकट, म्हणजे तो कायम टिकणार. एका झटक्यात तो तुटणार नाही, हे बरोबर. पण प्लेट तुटते ती थकून. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, तीच पुन्हापुन्हा वाकवली की तुटते. हिशेब करा. दिवसाला पाच हजार पावलं म्हणजे एका पायावर अडीच हजार वेळा भार. नव्वद दिवसांत सव्वादोन लाख वेळा. आणि चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट बल येतं. हाड भरत जातं तसा प्लेटवरचा भार उतरत जातो. हाड भरलंच नाही तर सगळं प्लेटवरच राहतं, आणि कधी ना कधी ती किंवा एखादा स्क्रू हार मानतो. म्हणून प्लेट तुटली तर दोष दर वेळी धातूचा नसतो. बहुतेकदा तुटलेली प्लेट सांगत असते की हाड जुळलेलं नाही.

कडकपणाबद्दलही सांगतो. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा कडकपणा सुमारे ११० गिगापास्कल, स्टीलचा १९० ते २००, आणि हाडाच्या कठीण कवचाचा १५ ते २०. टायटॅनियम हाडाच्या जास्त जवळ, म्हणून ते अगदी थोडी लवचीकता राहू देतं. एवढी सूक्ष्म हालचाल हाडाला भरून यायला मदतच करते. नीकलची ॲलर्जी असेल तर तेही सांगावं, कारण ३१६एल स्टीलमध्ये नीकल असतं.

आणखी एक गोष्ट मला स्वतःला फार सुंदर वाटते, ती म्हणजे लॉकिंग स्क्रू. जुन्या प्लेटमध्ये स्क्रू प्लेटला हाडावर दाबून धरायचा, सगळा आधार घर्षणाचा. लॉकिंग स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात आणि ते प्लेटच्या भोकातल्या आट्यांत बसतात. प्लेट आणि स्क्रू मिळून एकच सांगाडा होतो. प्लेटने हाड दाबायची गरज उरत नाही, त्यामुळे हाडावरच्या आवरणाचा रक्तपुरवठा वाचतो. असे स्क्रू मोजक्या ताकदीनेच घट्ट करायचे असतात, ५ मिलिमीटरच्या स्क्रूला ४ न्यूटन-मीटर, आणि त्यासाठी आपोआप थांबणारा पेचकस वापरतात. जास्त पिळला किंवा तिरपा बसला तर टायटॅनियमचे आटे एकमेकांत गच्च बसतात आणि काढताना डोकं झिजतं. अबोलीताई, काढायचं ठरलं तर हे विचाराच. अडकलेला स्क्रू काढायची हत्यारं तयार ठेवतात का?

डोंगरवाट

धातुकाम यांनी लिहिलेलं सगळं माझ्या पायात घडलं. वय ३९. हीच एचटीओ. कुठे, कुणी, ते लिहीत नाही, आणि लिहिण्यात अर्थही नाही, कारण निम्मी चूक माझी होती.

कापताना हाड पूर्ण कापत नाहीत. बाहेरच्या कडेला साधारण एक सेंटिमीटर हाड अखंड ठेवतात आणि ते बिजागरीसारखं वापरून फट उघडतात. माझी बिजागरी तडकली होती. सहाव्या आठवड्याच्या एक्स-रेत ती दिसत होती, असं मला नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी दाखवलं. त्या वेळी मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी भार उशिरा दिला असता. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायचं, आणि मी समजायचो की स्नायू आहे. बाहेरच्या बाजूचं दुखणं सोडून देऊ नका, एवढंच सांगतो.

माझी चूक म्हणजे सिगारेट. अर्जावर "नाही" लिहिलं होतं. दिवसाला आठ-दहा व्हायच्या. पाचव्या महिन्यात जिना चढताना आतून टक् असा आवाज आला. फटीच्या लगेच खालचा स्क्रू तुटला होता आणि फट जवळजवळ तशीच रिकामी होती. पुन्हा ऑपरेशन, कमरेच्या हाडातून घेतलेलं हाड त्यात भरलं, नवी प्लेट. त्या दिवसापासून सिगारेट बंद. आठ महिन्यांत हाड जुळलं. पहिल्या वेळी खरं सांगितलं असतं तर डॉक्टरांनी कदाचित तारीखच पुढे ढकलली असती, आणि ते बरं झालं असतं.

केवडा

डोंगरवाट, वाचून अंगावर काटा आला. आता कसे आहात?

डोंगरवाट

रोज पाच किलोमीटर चालतो. टेकडी चढतो, उतरताना काठी घेतो.

अस्थिमज्जा

डोंगरवाट, तुम्ही लिहिलंत हे फार मोलाचं आहे. तडकलेल्या बिजागरीचे प्रकार असतात. काही तडे स्थिर राहतात आणि फक्त भार थोडा उशिरा देऊन भागतं. काही अस्थिर असतात, त्यांना बाहेरूनही आधार द्यावा लागतो. पहिल्या काही आठवड्यांच्या एक्स-रेत "बिजागरी शाबूत आहे का?" हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा.

धोक्यांचा विषय निघालाच आहे तर दोन आणखी. फट पुढून जास्त उघडली तर नडगीचा मागचा उतार वाढतो आणि गुडघ्यातल्या पुढच्या लिगामेंटवर ताण येतो. आणि ऑपरेशननंतर पोटरी दगडासारखी घट्ट झाली, औषध घेऊनही दुखणं वाढतच गेलं, बोटं हलवताना असह्य झालं, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच क्षणी कळवायचं.

धातुकाम

जाता जाता थोडा इतिहास, कारण अबोलीताईंच्या पहिल्या मुद्द्याला तो अगदी जुळतो. ग्लासगोचे विल्यम मॅकेवन यांनी मुडदुसाने वाकलेले मुलांचे पाय छिनीने हाड कापून सरळ केले आणि १८८० मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. प्लेट नव्हतीच, बाहेरून फळ्यांचा आधार. हॅम्बुर्गचे कार्ल हान्समन यांनी १८८६ मध्ये मोडलेल्या हाडावर पहिली प्लेट बसवली. तिचं टोक आणि स्क्रूंच्या दांड्या त्यांनी मुद्दाम त्वचेबाहेर ठेवल्या होत्या, काही आठवड्यांनी काढता याव्यात म्हणून. म्हणजे पहिल्याच प्लेटमध्ये ती काढण्याचा विचार होता.

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल भेट झाली, ती सांगते.

मला प्लेट का काढावीशी वाटते, ते आधी. नडगीच्या आतल्या बाजूला मांस कमी असतं, त्यामुळे प्लेट हाताला लागते. कुशीवर झोपले की दुसरा गुडघा तिच्यावर टेकतो, म्हणून रोज मध्ये उशी ठेवते. चालताना काहीच वाटत नाही, गुडघ्याचं जुनं दुखणं जवळपास गेलंय. टाक्यांच्या पुढे त्वचेचा तळहाताएवढा भाग बधिर आहे, तो प्लेट काढून परत येणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तिथली बारीक नस कापताना दुखावते.

मी विचारलं, हाड कुठवर भरलंय? त्यांनी चौदा महिन्यांचा आणि सहा महिन्यांचा एक्स-रे शेजारी ठेवले. फट बाहेरच्या बिजागरीकडून आतल्या बाजूला भरत येते. सहा महिन्यांत ती निम्म्याच्या जरा पुढे होती. आता प्लेटच्या खाली, अगदी आतल्या टोकाला, नखाएवढी त्रिकोणी जागा पुसट दिसते. बाकी सगळं भरलंय. ते म्हणाले, आत्ता काढली तरी चालेल, पण चार महिने थांबलात तर तो कोपराही भरेल आणि मी जास्त निर्धास्त असेन. मी थांबायचं ठरवलं.

धातुकाम, तुमचा प्रश्नही विचारला. डोकं झिजलेल्या स्क्रूसाठी उलट आट्यांची हत्यारं आणि लागलीच तर धातू कापायची सोय टेबलावर असते, असं म्हणाले. प्रश्न ऐकून त्यांना बरं वाटलं असावं, कारण त्यांनी मग ऑपरेशनच्या नोंदी काढून कुठल्या भोकात किती लांबीचा स्क्रू आहे तेही दाखवलं. काढल्यानंतर स्क्रूंची आठ भोकं काही काळ हाड कमकुवत ठेवतात, म्हणून पहिले दीड-दोन महिने पळणं आणि उड्या बंद, चालणं मात्र दुसऱ्या दिवसापासून.

केवडा, तुमचे दोन्ही कोन कळले की इथे जरूर लिहा. मी चार महिन्यांनी याच धाग्यावर पुढचा एक्स-रे कसा आला ते सांगते.